अखंड भिंतीचं भगदाड

दोन इमारतींच्या मधल्या भिंतीला भगदाड होतं. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती आणि बहुतेकांच्या कपड्यांना तिची विटकरी पूड रोज लागत होती. मान्य मात्र ती कोणालाच नव्हती. आता, ठाऊक असणं ही खासगी बाब आहे, आंघोळीसारखी. मान्य करणं हा समारंभ असतो. त्याला चारचौघं लागतात, आणि समारंभ संपल्यावर खुर्च्या कोणी आवरायच्या यावरून भांडण होतं.

भगदाड कधी पडलं याबद्दल एकमत नव्हतं. पाण्याचे नळ टाकणाऱ्यांनी पाडलं असं पुढच्या इमारतीचं म्हणणं, आणि भिंतच मुळात हलक्या मनाची होती असं मागच्या इमारतीचं. पण वापराबद्दल दुमत नव्हतं. पुढच्या इमारतीतली माणसं बागेत, शाळेत आणि दवाखान्यात त्यातूनच जात. मागच्या इमारतीतली बसथांब्यावर आणि बाजारात त्यातूनच येत. डावा खांदा आधी, मग डोकं, मग उरलेला संसार. पिशवी हातात असेल तर ती पुढे धरायची. कोणीतरी खाली पायरीला एक फरशी टाकली होती, वर निघालेल्या सळईला कोणीतरी जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होता. दोन्ही इमारतींच्या बैठकांत आजवर कोणत्याच विषयावर एवढं सहकार्य झालं नव्हतं, आणि याचं कारण उघड आहे, हा विषय कधी बैठकीत आलाच नव्हता.

तो बैठकीत आणण्याचं पुण्यकर्म तपासनिसांच्या नशिबी होतं.

तपासनीस विमा कंपनीच्या दावे विभागातून निवृत्त झाले होते. निवृत्त फक्त नोकरी झाली होती, तपासणी चालूच होती. त्यांच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट चार पायऱ्या चढून खरी होते. आधी ती दाखल होते, मग ग्राह्य ठरते, मग मान्य होते, आणि ग्रह बरे असतील तर मंजूर होते. या चार पायऱ्यांवर त्यांनी नोकरीभर माणसं बसवून ठेवली होती. एखाद्याचं अख्खं घर जळालं तरी तपासनिसांच्या लेखी ते आधी फक्त दाखल होई. घरीही तोच खाक्या. बायको म्हणाली, "माझं डोकं दुखतंय," तर ते पेपरामागून म्हणत, "बरं." हे 'बरं' म्हणजे दाखल. ग्राह्य व्हायला तिला कपाळाला पट्टी बांधून समोरून दोनदा जावं लागे.

मागच्या इमारतीत तळमजल्यावर त्यांची थोरली बहीण राहायची. आक्का. ती अजूनही त्यांना 'बाळ' म्हणायची आणि चारचौघांत म्हणायची. रोज सकाळी पेपर वाचून झाला की त्यात काय चुकीचं छापलंय ते सांगायला ती भगदाडातून भावाकडे चहाला येई. पेपरात चुकीचं काही नसेल तर भावाचं काय चुकतंय ते सांगे. तिच्या एका गुडघ्याने राजीनामा दिलेला होता. भगदाडातून आलं तर भावाचं घर हाकेच्या अंतरावर, बाहेरच्या रस्त्याने यायचं तर गॅरेजला वळसा, मग चढ, मग पेट्रोल पंप, मग तो मोठा चौक, जिथे दिवा हिरवा होतो तो तरुणांसाठी.

एका सकाळी आक्काची शाल सळईत अडकली. ट्यूबचा तुकडा घसरला होता. आक्का निम्मी पुढच्या इमारतीत आणि निम्मी मागच्या इमारतीत अशी उभी राहिली. दोन्ही बाजूंना माणसं थांबली. सगळी सभ्य माणसं असल्यामुळे कोणी हात लावला नाही, सल्ला मात्र दोन्हीकडून सुरू झाला.

"आजी, मागे या."

"मागे नको, पुढेच या. बरंचसं झालंय."

शेवटी तपासनीस बाल्कनीतून पाहून धावत आले आणि त्यांनी बहिणीला सोडवलं. शाल टराटरा फाटली.

घरात येऊन, चहाचा पहिला घोट घेऊन आक्का म्हणाली, "बाळ, तिथे एक लहानसं दार बसव रे. माणसासारखं येता येईल. मांजरासारखी किती वर्षं येऊ?"

एवढंच. एक लहानसं दार.

बायको ओट्यापाशी होती. ती वळूनही न बघता म्हणाली, "बसवायचं तर गवंड्याला बोलवा आणि बसवून टाका. कोणाला विचारायला जाऊ नका."

"न विचारता? दार?"

"विचारलं की लोकांना उत्तर द्यावं लागतं. आणि उत्तर द्यावं लागलं की लोक नाही म्हणतात."

हे वाक्य खरं म्हणजे प्रत्येक कचेरीच्या दारावर कोरून ठेवायच्या लायकीचं आहे. पण ते सोबत कोणताही पुरावा न जोडता बोललं गेल्यामुळे तपासनिसांना ग्राह्य वाटलं नाही. ते म्हणाले, "आपण रीतसर जाऊ."

बायकोने गॅस बारीक केला. आजवर 'रीतसर' हा शब्द घरात उच्चारला गेला की त्यानंतरचा महिना वाया जातो, हा तिचा अनुभव होता.

रीतसर म्हणजे आधी सोसायटीचा सचिव. सचिव त्याच वेळी बाहेरून घरी येत होता. त्याच्या डाव्या खांद्यावर विटकरी पूड होती आणि हातात मागच्या रस्त्यावरच्या बेकरीचा पाव होता.

"भगदाड?" सचिव म्हणाला. "कुठलं हो?"

तपासनिसांनी त्याच्या खांद्याकडे पाहिलं. सचिवानेही पाहिलं आणि शांतपणे खांदा झटकला.

"हे बघा तपासनीस, शेजारी म्हणून मला ठाऊक आहे. सचिव म्हणून मला ठाऊक नाही. आपल्या दप्तरी भिंत अखंड आहे. आता अखंड भिंतीत दार बसवायला मी कशी परवानगी देणार? आधी ती फुटलेली आहे असं समितीने मानायला हवं."

"मग माना."

"मानलं की पहिला प्रश्न, इतके दिवस दुरुस्त का केली नाही. सचिव कोण? मी. तुम्ही माझ्या जागी असता तर मानलं असतंत?"

तपासनीस सचिवाच्या जागी असते तर त्यांनी मुळीच मानलं नसतं. त्यामुळे त्यांना सचिवाचा फार राग आला. समोरच्यात आपला गुण दिसला की माणूस सहसा असाच चिडतो.

तरीही समितीची बैठक झाली. बैठकीत तपासनिसांनी विषय मांडला तेव्हा अशी शांतता पसरली की जणू त्यांनी एखाद्याच्या धाकट्या भावाच्या धंद्याबद्दल विचारलं आहे. मग बरीच चर्चा होऊन ठरलं की, समितीने भगदाडाची नोंद घेतलेली नाही, परंतु तपासनिसांच्या म्हणण्याची नोंद घेतली आहे. दाराला समितीची संमती नाही, मात्र पालिकेने परवानगी दिल्यास समितीची हरकतही नाही. तपासनीस बाहेर आले ते खुशीत. त्यांच्या कानाला हे संगीत होतं. संमती नाही पण हरकतही नाही, या दोहोंच्या मधल्या फटीत त्यांचं तारुण्य गेलं होतं.

जिन्यात दंतवैद्याने गाठलं. दंतवैद्याचा दवाखाना तळमजल्यावर होता आणि त्याचे निम्मे रुग्ण मागच्या इमारतीतून येत, अर्थातच भिंतीतून, गाल धरून.

"तपासनीस, एक वैद्यकीय सल्ला देऊ? हलणाऱ्या दाताला जीभ लावू नये. लावली की तो पडतोच."

"अहो, पण तुम्ही साक्ष द्याल की नाही? तुमचे रुग्ण रोज तिथून येतात."

"येतात ना. पण ते कुठून येतात हे मी कधी विचारत नाही. मी फक्त 'आ करा' म्हणतो."

साक्षीचं खूळ तपासनिसांच्या डोक्यात वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी घातलं होतं. वकीलबाई म्हणाल्या होत्या की, पुष्कळ वर्षं लोक एखाद्या वाटेने उघडपणे जात असतील तर ती वहिवाट होते आणि कायदा वहिवाट मानतो. फक्त लोकांनी तसं सांगायला हवं. "आणि तुम्ही सांगाल ना?" असं तपासनिसांनी विचारल्यावर वकीलबाईंनी दार लोटता लोटता सांगितलं की त्या व्यवसायाने वकील आहेत, साक्षीदार नव्हेत, दोन्ही धंदे एका घरात चालत नाहीत.

तपासनीस दारोदार फिरले. अनुभव सगळीकडे एकच. दार उघडताना लोक भगदाडाबद्दल भरभरून बोलत. कोणाची छत्री तिथे मोडली, कोणाचं लग्न तिथे जुळलं, एका घरात तर कपाटसुद्धा तिथून आलं होतं. "मग हे सांगाल का?" म्हटलं की लोक कानावर हात ठेवत. आळीमिळी गुपचिळी. चहा मात्र सगळ्यांनी दिला. दिवस संपला तेव्हा तपासनिसांकडे एकही साक्षीदार नव्हता आणि पोटात भयंकर पित्त होतं.

बायको म्हणाली, "झालं समाधान? सांगत होते, विकतचं दुखणं."

"लोक खोटं बोलतात," तपासनीस कळवळून म्हणाले.

"खोटं कुठे बोलतात? तुम्ही विचारेपर्यंत सगळे खरंच बोलत होते."

मग पालिका. पालिकेत दारांचा विभाग वेगळा आणि भिंतींचा वेगळा. दारांच्या कारकुनाने सांगितलं, दार बसवायला आधी भिंत फोडायची परवानगी काढा. भिंतींच्या कारकुनाने विचारलं, "कुठे फोडायची आहे?"

"फोडायची नाही. फुटलेलीच आहे."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. पेन खाली ठेवणारा कारकून हा पेन उचलणाऱ्या कारकुनापेक्षा जास्त धोकादायक, हे तपासनिसांना कोणी सांगायला नको होतं. तेही हेच करत.

"कोणी फोडली?"

"ते ठाऊक नाही."

"आजोबा, भिंत फुटलेली आहे असं आम्ही मान्य केलं की फोडणारा आलाच. विनापरवाना पाडकाम. आता मला सांगा, भगदाड आहे असं म्हणणारं अख्ख्या वस्तीत कोण आहे?"

"सध्या तरी मी एकटाच."

"मग तुम्हीच फोडलं असेल."

आयुष्यात पहिल्यांदा तपासनीस खिडकीच्या चुकीच्या बाजूला उभे होते. त्यांनी आवाज चढवून सांगितलं की ते स्वतः दावे विभागात होते, जबाबदार पदावर होते, आणि त्यांचा शब्द हा शब्द आहे. कारकून अतिशय अदबीने म्हणाला, "हो ना. दाखल करून घेतो."

हा घाव वर्मी बसला. तिसऱ्या दिवशी पालिकेचा फोन आला, पाहणीला साहेब येत आहेत.

पाहणी अधिकारी तरुण होता, नीटनेटका, केसांचा भांग पट्टीने पाडलेला. तपासनीस दर्शनी फाटकाशी त्याची वाट बघत उभे होते. नेमकं त्याच वेळी फाटकात कोणाच्या तरी घरसामानाचा ट्रक आडवा लागला होता आणि एक सोफा आत जाऊ की नको या विचारात होता. अधिकारी काही येईना. कंटाळून तपासनीस मागे वळले, तर हा गृहस्थ भगदाडातून आत येत होता. फाइल आधी पुढे, मग डावा खांदा, मग डोकं. सफाई अशी की वस्तीतला जुना माणूस वाटावा.

तपासनिसांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्यांनी स्वतःच्या रुमालाने अधिकाऱ्याच्या खांद्यावरची पूड झटकली.

अधिकारी भिंतीसमोर उभा राहिला. त्याने नकाशा उघडला. नकाशाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, परत नकाशाकडे पाहिलं. भिंत आणि नकाशा यांत मतभेद झाला की कोणाचं ऐकायचं हे त्याला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं.

"नकाशात अखंड आहे," तो म्हणाला.

"अहो पण समोर बघा ना."

"बघतोय. प्रत्यक्षात जे दिसतंय ते दिसतंय. पण दिसणं वेगळं आणि आढळणं वेगळं. मला जे आढळेल ते मी लिहिणार."

"तुम्ही स्वतः आत कुठून आलात?"

अधिकाऱ्याने नकाशाची घडी घातली. मग म्हणाला, "तेव्हा पाहणी सुरू व्हायची होती. तेव्हा मी अधिकारी म्हणून आलो नव्हतो."

आणि त्याने लिहून टाकलं की भिंत नकाशाप्रमाणे अखंड आहे; तक्रारदाराच्या म्हणण्याप्रमाणे तीत कथित भगदाड असल्यास ते सुनावणीनंतर विटांनी कायमचं बंद करण्यात यावं. मग तो 'बराय' म्हणून निघाला. सोफा अजून फाटकातच होता, म्हणून ज्या वाटेने आला त्याच वाटेने गेला.

बातमी दोन्ही इमारतींत पसरायला एक जिना पुरला. तपासनीस भगदाड बुजवणार. म्हणजे त्यांना दार हवं होतं ही गोष्ट कोणाच्या लक्षातही राहिली नाही. बागेत जाणाऱ्या बायकांनी बघून मान फिरवली. दंतवैद्याने भेटल्यावर नुसते दात दाखवले, आणि दंतवैद्याचे दात म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. सचिव म्हणाला, "झाकली मूठ होती, तपासनीस. तुम्ही बोटं मोजायला निघालात." पेपर टाकणारा पेपर टाकायचा, पण पूर्वीसारखा दारात न टाकता जिन्याच्या तोंडाशी टाकायचा.

हे सगळं त्यांनी सोसलं असतं. लोकांचा राग त्यांना नवा नव्हता. रागावलेली माणसं समोर बसवून चष्मा पुसण्याची कला त्यांना अवगत होती. पण आक्का रागावली नाही.

ती सकाळी आली, बसली, पेपराबद्दल काही बोलली नाही. चहा प्याली. कप खाली ठेवून म्हणाली, "असू दे रे बाळ. फोनवर बोलत जाऊ. फोन आहे की."

आक्काला फोनवर ऐकू येत नसे. ती फोनवर फक्त स्वतः बोले आणि ठेवून देई. बायकोने दुसरा कप न मागता भरला. बाहेरच्या रस्त्याचा चढ, तो चौक, तो गुडघा, सगळं त्या खोलीत येऊन बसलं होतं आणि त्यांना चहा कोणी विचारत नव्हतं.

"मी दार मागितलं नसतं तर बरं झालं असतं," आक्का म्हणाली.

"दार मागण्यात काय चूक?" तपासनीस म्हणाले. "चूक कुठे आहे तेच सापडत नाहीये."

सुनावणीच्या दिवशी पालिकेच्या दालनात दोन्ही इमारती लोटल्या होत्या. एवढी हजेरी सोसायटीच्या बैठकीला कधी नव्हती. समोर मोठे साहेब. साहेबांचा चेहरा असा की त्यांच्यासमोर खरंसुद्धा जरा अवघडून बोललं जाई. बाजूला तो भांगवाला पाहणी अधिकारी. मागच्या बाकावर बायको आणि आक्का. दोघींनी एकमेकींचा हात धरला होता, पण तो गुडघ्यामुळे की सुनावणीमुळे ते सांगता येत नाही.

साहेबांनी प्रश्न सोपा करून सांगितला. भगदाड असेल तर ते आठवड्याच्या आत बुजवलं जाईल आणि फोडणाऱ्याचा शोध घेतला जाईल. भगदाड नसेल तर प्रकरण मिटलं.

सचिव उठला. "साहेब, भिंत अखंड आहे. मी रोज बघतो." हे शंभर टक्के खरं होतं, रोज अगदी जवळून बघायचा.

दंतवैद्य उठला. "माझ्या रुग्णांपैकी एकानेही आजवर भगदाडाची तक्रार केलेली नाही." त्यांच्या तोंडात तेव्हा कापूस असे, एवढंच सांगायचं राहिलं.

वकीलबाई साक्षीदार नसल्यामुळे उठल्या नाहीत, पण मान डोलावली. मान डोलावण्याला साक्ष म्हणता येत नाही आणि गप्प बसणंही म्हणता येत नाही. शिकल्यासवरल्या माणसाला ते फार सोयीचं पडतं.

तपासनिसांनी शेवटचं हत्यार काढलं. मोठा करून घेतलेला फोटो. साहेबांनी तो उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला.

"यात तर बाग दिसते."

"भगदाडातून दिसते ती, साहेब."

"भगदाड कुठे आहे?"

"बागेच्या अलीकडे. म्हणजे जिथे भिंत नाही, तिथे."

"मग भिंत नसलेल्या जागेचा फोटो तुम्ही भिंतीच्या प्रकरणात कशाला आणलात?"

दालनात कोणीतरी खोकलं. दंतवैद्यच असावा. तपासनिसांच्या पायाखालची जमीन सरकली, कारण मुद्दा अगदी बिनतोड होता. त्यांनीच कधीतरी काढला असता.

"आणखी कोणी आहे?" साहेबांनी विचारलं. "इथे अर्जात एका भगिनींचं नाव आहे. त्या तिथून ये-जा करतात म्हणे."

आक्का उठली. आक्का खोटं बोलत नसे. लहानपणी तिच्या खरं बोलण्यामुळे त्यांनी जेवढा मार खाल्ला होता तेवढा गुन्ह्यांमुळेही खाल्ला नव्हता. ती 'हो' म्हणाली की विटा आल्याच. आणि तिला भगदाडासकट सगळं खरं बोलायला त्यांनीच तर इथवर आणलं होतं.

"आजी, तुम्ही भिंतीतून जाता का?"

आक्काने भावाकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "मी भावाकडे जाते," ती म्हणाली. "भिंतीकडे कोण बघतंय."

साहेबांना हे उत्तर कुठल्या रकान्यात घालावं ते कळेना. त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि ते तपासनिसांकडे वळले.

"तर राहिलात तुम्ही. सगळे म्हणतात भिंत अखंड आहे. तुम्हाला हे मान्य आहे का?"

तपासनीस उभे राहिले. एका बाजूला सत्य होतं, विटकरी पुडीसकट. दुसऱ्या बाजूला मागच्या बाकावर एक गुडघा होता.

"माझं म्हणणं... मी ते नाकारत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे मान्य?"

"तसं गृहीत धरायला माझी हरकत नाही."

"हरकत नाही म्हणजे मान्य नव्हे. तुम्ही दावे विभागात होतात ना?"

"इतरांचं म्हणणं मी ग्राह्य धरतो."

"ग्राह्य म्हणजे ऐकून घेतलं. मला मान्य हवंय."

"त्यांच्या मताचा मी आदर करतो, साहेब. मी त्याची दखल घेतो. मला ते बऱ्याच अंशी पटण्यासारखं वाटतं."

"पटलं का?"

"पटण्याच्या मार्गावर आहे."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. नोकरीभर ज्या चार पायऱ्यांवर तपासनिसांनी लोकांना बसवलं होतं त्या पायऱ्या ते आज स्वतः उलट्या उतरत होते, आणि प्रत्येक पायरीवर क्षणभर टेकत होते. पण उतरणीला पायऱ्या फार नसतात.

मागच्या बाकावरून बायकोचा आवाज आला. मोठा नव्हता, घरातलाच होता. "अहो, म्हणून टाका."

"मान्य," तपासनीस म्हणाले.

"काय मान्य?"

"भिंत अखंड आहे. तीत भगदाड नाही. मला जे दिसलं ती बाग होती."

दालनाने एकत्र सुस्कारा सोडला. साहेबांनी निकाल सांगितला. भिंत अखंड असल्याचं सर्वांनी मान्य केलं आहे. सबब तीत दार बसवता येणार नाही. सबब तीत काही बुजवताही येणार नाही, कारण अखंड भिंतीला डागडुजी लागत नाही. यापुढे कोणी तिला वीट लावली तर ते विनापरवाना बांधकाम समजलं जाईल.

तपासनीस खाली बसले. थोडा वेळ त्यांना काहीच उमगलं नाही. मग हळूहळू उमगलं की जगातल्या कोणत्याही दाराला मिळालं नसेल असं संरक्षण एका नसलेल्या भगदाडाला मिळालं आहे.

बाहेर पडताना सचिवाने त्यांचा हात हातात घेतला. वकीलबाई म्हणाल्या की हेच त्यांच्या मनात पहिल्यापासून होतं. दंतवैद्याने दाढ मोफत तपासून द्यायची तयारी दाखवली. तपासनीस तसेच पुढे चालत राहिले. खोटं बोलल्याबद्दल एवढी माणसं एकदम त्यांना कधी भेटायला आली नव्हती, आणि खरं बोलत असताना पेपरसुद्धा दारात पडत नव्हता, हा हिशेब त्यांच्या मनातून जाईना.

आक्का त्यांच्या दंडाला धरून पायऱ्या उतरत होती. "बाळ," ती म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा तू एखादी गोष्ट एका बैठकीत मंजूर केलीस."

"मंजूर नाही, आक्का. मान्य. मंजूर त्यांनी केली."

"तेच ते."

"तेच ते नाही," तपासनीस म्हणाले, पण नेहमीचा जोर नव्हता.

पुढे सोसायटीने भिंतीला रंग दिला. रंगाऱ्याने विचारलं की मधल्या जागेचं काय करायचं. सचिव म्हणाला, मधे कुठली जागा. रंगारी शहाणा होता. त्याने भगदाडाच्या कडा फार सुबक रंगवून दिल्या. आक्काची नवी शाल अजून शाबूत आहे.

एका सकाळी ती चहा पीत पेपरातल्या चुका सांगत असताना बेल वाजली. दारात तो भांगवाला पाहणी अधिकारी उभा होता. आज फाइल नव्हती. हातात बिस्किटांचा पुडा होता आणि चेहरा फार नम्र होता. डाव्या खांद्यावर नवा रंग लागला होता.

"या," तपासनीस म्हणाले. "अधिकारी म्हणून आलात का?"

"नाही हो. खासगी काम आहे." तो खुर्चीच्या टोकावर बसला. आक्काकडे पाहून जरा घुटमळला. "माझ्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे. म्हणजे, नकाशात नाही. शेजाऱ्याने तक्रार केलीये. सुनावणी लागेल. तर म्हटलं, आपला या बाबतीतला अनुभव... ती खोली नाही असं सगळ्यांकडून रीतसर मान्य करून घ्यायचं असेल, तर सुरुवात कुठून करायची?"

बायको ओट्यापाशी थबकली. आक्काने कप बशीत ठेवला आणि भावाकडे पाहिलं, आता हा काय करतो म्हणून.

तपासनिसांनी पेपराची घडी केली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. समोर बसलेल्या माणसाला किती वेळ बसवून ठेवायचं याचा अंदाज घेतला. मग दावे विभागातल्या त्याच जुन्या, कोरड्या, जबाबदार आवाजात त्यांनी विचारलं,

"खोली कधीपासून नाही?"